बर्फाची लादी आणि मासळीची टोपली

भाषा आणि इतिहास हे आमचे अध्यापनाचे विषय. शास्त्राशी आमचा संबंध जेमतेमच. तथापि मागील वर्षी नववीच्या वर्गात परभाषांतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी फळ्यावर लिहीत असता 'बर्फ' हा शब्द निघाला आणि आम्हांस शास्त्राच्या अंगणात पाऊल टाकणे भाग पडले. हा शब्द फारसीतून आला असे आम्ही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, बर्फात ठेवले म्हणजे मासे ताजे होतात ना?" आम्ही म्हटले, "ताजे होत नाहीत, ताजे राहतात." वर्ग हसला. परंतु जिची आई बाजारात मासळी विकते अशी एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "सर, ज्या दिवशी बर्फ मिळत नाही, त्या दिवशी आई भाव धरून बसू शकत नाही. गिऱ्हाईक देईल तो पैसा घेते."

त्या दिवशी तास तेथेच संपला. पण त्या दोन वाक्यांनी आमचा पाठलाग सोडला नाही. एकात बर्फाचे शास्त्र होते, दुसऱ्यात अर्थशास्त्र. त्या दोहोंचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आम्ही पुढे केला. त्याचे फळ येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपण आपल्या किनाऱ्याकडेच पाहू. हिमाची वर्णने संस्कृत काव्यांत विपुल आहेत. परंतु ज्यांच्या दारी समुद्र गर्जतो त्या आमच्या पूर्वजांनी हिम डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. कधी काळी वळवाच्या पावसात चार गारा पडल्या तर त्याच. गोठलेल्या पाण्यासाठी घरगुती शब्द आपल्या जिभेवर रुळला नाही यात नवल ते काय? जी वस्तू नाही तिला नाव कशाला?

आणि मासळी मात्र रोजची. रापण ओढली जाई. कधी जाळ्यात मूठभर मासे येत, तर कधी वाळूवर बांगड्यांचा वा तारल्यांचा चकाकता ढीग पडे. पण त्या ढिगाचे करावयाचे काय? आमच्या हवेत दुपारपर्यंत मासा मऊ पडतो आणि संध्याकाळी त्यास वास येऊ लागतो. डोक्यावर टोपली घेऊन बाई जितकी चालू शकेल तितकाच त्या मासळीचा बाजार. उरलेल्यास दोनच आधार, मीठ आणि ऊन. गोव्यात पावसाळ्यासाठी पुरुमेंत भरून ठेवतात, त्यात खारवलेली व सुकवलेली मासळी असतेच. ती त्याच जुन्या शहाणपणाची खूण होय. मिठानेही आवरेना इतकी मासळी आली तर ती माडांच्या मुळांशी खत म्हणून पुरीत. समुद्राने भरभरून द्यावे आणि माणसास ते ठेवता येऊ नये, असा तो प्रकार होता. अडचण मासळीच्या तुटवड्याची नव्हती. अडचण वेळेच्या तुटवड्याची होती.

दूर उत्तरेस मात्र थंडी विकत घेणारे लोक होते. अकबराच्या काळी हिमालयातील बर्फ नावांतून, गाड्यांतून व हमालांच्या खांद्यांवरून लाहोरास आणला जाई. सोऱ्याच्या योगाने पाणी गार करण्याची युक्तीही 'आइन-इ-अकबरी'त नमूद आहे. सोरा पाण्यात विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतो. याहून आश्चर्यकारक म्हणजे अलाहाबादेकडील मैदानात पर्वतावाचून आणि यंत्रावाचून बर्फ तयार होत असे. सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली त्या कृतीचे वर्णन इंग्लंडात प्रसिद्ध केले. उथळ खड्ड्यांत वाळलेले गवत-काड पसरून त्यावर मातीची लहान, सच्छिद्र परळे मांडीत व त्यांत थोडे पाणी ओतीत. हिवाळ्याच्या निरभ्र व निवांत रात्री पाण्यातील उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाई, काडामुळे जमिनीची ऊब वर येत नसे, आणि सूर्योदयापूर्वी परळांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. तो खरवडून खोल खड्ड्यांत साठवीत. रात्र ढगाळ वा वाऱ्याची असली की सारी मेहनत फुकट. आकाशाच्या मर्जीवर चालणारा हा कारखाना कोकणपट्टीच्या दमट हवेत चालणे शक्यच नव्हते.

यानंतर या कथेत एक विलक्षण मनुष्य येतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराचा फ्रेडरिक ट्यूडर. त्याच्या प्रांतातील तळी हिवाळ्यात गोठून कडक होत. हा फुकटचा बर्फ उष्ण देशांत नेऊन विकावा असे त्याच्या मनाने घेतले. १८०६ साली तो जहाजभर बर्फ घेऊन वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटास गेला, तेव्हा गावाने त्यास वेड्यात काढले. त्या व्यापारात तो बुडाला. कर्जापायी त्यास तुरुंगही पाहावा लागला. पण त्याने पिच्छा सोडला नाही. बर्फाचे ठोकळे सारख्या आकाराचे असले आणि घट्ट रचून मध्ये लाकडाचा भुसा भरला तर ते फार हळू वितळतात, हे त्याने अनुभवाने शोधले. नथॅनिएल वायथ याने घोड्याने ओढावयाचा बर्फ कापण्याचा नांगर काढला आणि ते काम स्वस्त झाले. ज्या भुशास लाकडाच्या वखारीत कोणी विचारीत नव्हते, त्याने तळ्यातील थंडीचा व्यापारी माल बनविला.

१८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्यास निघाले. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावयाचे होते. सुमारे चार महिन्यांनी, सप्टेंबरात, ते हुगळीत आले तेव्हा जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यास बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे १८४२ साली बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद परदेशाहून परतल्यावर १८९७ साली तेथेच उतरले होते, म्हणून आता ती वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईस जमशेटजी जिजीभाई यांनी पाहुण्यांस आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह सर्वांना पडसे झाले, अशीही हकीकत सांगतात.

परंतु हा बर्फ साहेबांच्या पेल्यात, श्रीमंतांच्या मेजवानीत आणि तापाच्या रोग्याच्या कपाळावर संपत होता. कोळ्याच्या टोपलीपर्यंत तो पोहोचला नव्हता. मासळी आणि बर्फ यांची गाठ दुसरीकडेच पडत होती.

चीनमध्ये मासळी बर्फात घालून दूरवर नेण्याची रीत होती. अलेक्झांडर डॅलरिंपल या प्रवाशाने ती पाहिली आणि १७८६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या जॉर्ज डेम्पस्टर यास सांगितली. स्कॉटलंडातील सामन मासा तोवर लंडनास उकडून किंवा खारवून जात असे. डेम्पस्टरच्या प्रयत्नाने तो बर्फात घालून ताजा जाऊ लागला. पुढे एकोणिसाव्या शतकात थेम्स नदीकाठच्या बार्किंग गावच्या मच्छीमार गलबतांसाठी हिवाळ्यात सखल शेतांत पाणी सोडून बर्फ धरू देत, आणि शेतकरी तो गाड्या भरभरून आणून विकीत. धान्याच्या शेतात बर्फाचे पीक! त्या बर्फामुळे गलबते अनेक दिवस समुद्रावर राहू लागली आणि त्यांची मासळी वेगवान होड्यांनी लंडनच्या बाजारात जाऊ लागली. बर्फाने जाळे मोठे केले नाही, परंतु समुद्र आणि बाजार यांमधील अंतर सहन करण्यासारखे केले.

तथापि निसर्गाचा बर्फ थंड देशांपुरताच. उष्ण देशात बर्फ हवा तर तो करावयासच हवा. त्याचे बीज एका साध्या अनुभवात आहे. हातावर स्पिरिट लावून फुंकर घातली की गार वाटते, कारण द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता ओढून घेतो. अठराव्या शतकाच्या मध्यास विल्यम कलेन याने एडिंबरोच्या परिसरात ईथरच्या वाफेने थोडा बर्फ करून दाखविला. ती वाफ पुन्हा दाबून द्रव करावी व पुन्हा वापरावी, अशा यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स याने १८३४ साली घेतले. अमेरिकेतील फ्लॉरिडाचा डॉक्टर जॉन गोरी यास तर तापाच्या रोग्यांच्या खोल्या थंड करावयाच्या होत्या. हवा दाबून व पुन्हा फैलावू देऊन त्याने बर्फ केला व १८५१ साली पेटंट मिळविले. पण भांडवल न मिळाल्यामुळे १८५५ साली तो निराशेतच वारला. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन या वृत्तपत्राच्या संपादकाने ईथरवर चालणारी बर्फाची यंत्रे उभारली. पण १८७३ साली त्याने इंग्लंडास पाठविलेले गोठविलेले मांस वाटेतच खराब झाले आणि त्याचेही दिवाळे निघाले. अखेर कार्ल फॉन लिंडे याने १८७६ च्या सुमारास अमोनिया वायूवर चालणारे भरवशाचे यंत्र सिद्ध केले. कलकत्त्यात १८७८ साली बंगाल आइस कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचा बर्फ हिंदुस्थानात येणे थांबले. जी थंडी चार महिन्यांचा प्रवास करून येत होती, ती आता गल्लीत तयार होऊ लागली.

हे यंत्र प्रत्यक्ष पाहावे म्हणून आम्ही काही विद्यार्थ्यांसह एका बर्फाच्या कारखान्यात गेलो होतो. जमिनीत एक मोठा हौद, त्यावर लाकडी फळ्या. फळी उचलली की खाली पत्र्याच्या उंच डब्यांच्या रांगा खाऱ्या पाण्यात उभ्या. अमोनियाच्या नळ्यांमुळे हे खारे पाणी शून्याखाली जाते, पण मिठामुळे गोठत नाही; डब्यांतील गोडे पाणी मात्र कडेकडून आत गोठत जाते. अख्खी लादी धरावयास पुष्कळ तास लागतात. मग डबा साध्या पाण्यात क्षणभर बुडवून उलटा केला की लादी घसरून बाहेर येते. लादीचा गाभा पांढरट का, असे एका मुलाने विचारले. पाण्यातील हवेचे बुडबुडे व क्षार पुढे पुढे ढकलले जाऊन शेवटी मध्यावर अडकतात, असे तेथील मिस्त्रीने सांगितले. ज्या मिठाने पूर्वी मासळी टिकविली, तेच मीठ आता पडद्याआड राहून बर्फ घडवीत होते, हे पाहून आम्हांस मोठे कौतुक वाटले.

आता थोडे गणित. एक किलो बर्फ नुसता वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. वितळून त्याचे पाणी झाले तरी ते पाणी त्या क्षणी शून्य अंशावरच असते. एक किलो मासळी ३० अंशांवरून शून्यापर्यंत उतरवावयास सुमारे २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे हिशेबाने एक तृतीयांश किलो बर्फ पुरेसा झाला. पण टोपलीबाहेर आपले ऊन बसलेले असते. तेही बर्फ खात असते. म्हणून उष्ण प्रदेशात मासळीच्या वजनाइतका बर्फ घालावा असा नियम आहे. ज्याने खर्च वाचविण्यासाठी वर चार खडे पसरले, त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस गारवा दिला, मासळीस नव्हे. बर्फ बारीक फोडून खाली, वर व मध्ये थराथराने घालावा लागतो, आणि वितळलेले पाणी वाहून जावयास वाट ठेवावी लागते; ते पाणी मासळीवरील बुळबुळीत थर व त्यातील जंतू धुऊन नेते.

बर्फ मासळीस नेमके काय करतो? मासा मेल्यावर त्याच्या अंगातील पाचक रसच त्याचे मांस मऊ करू लागतात, आणि कातडी, कल्ले व पोट यांतील जंतू वाढू लागतात. थंडीने या दोन्ही क्रिया मंदावतात; थांबत नाहीत. म्हणूनच उघड्यावर एका दिवसात जाणारा मासा नीट बर्फात आठवडाभर किंवा अधिकही टिकतो. तारली-बांगड्यासारखी तेलकट मासळी त्यामानाने लवकर बिघडते. परंतु जो वेळ एकदा गेला तो बर्फ परत आणू शकत नाही. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात बराच वेळ राहिले तर त्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. आणि हे द्रव्य नंतरच्या बर्फाने जात नाही व शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून बर्फ लावावयाचा तो बाजारात नव्हे, तर जाळे वर येताच होडीवर.

बर्फाने मासा गार होतो. गोठवणे ही याहून पुढची पायरी. लॅब्रॅडोरच्या कडक थंडीत पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजविला तरी चव राखतो, हे अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय याने तेथे राहून पाहिले. सावकाश गोठविले तर बर्फाचे मोठे स्फटिक मांसाच्या पेशी फाडतात; झटपट गोठविले तर ते बारीक राहतात. या तत्त्वावर त्याने यंत्रे केली आणि १९३० साली अमेरिकेत असा माल दुकानांतून विक्रीस आला.

आपल्या देशात या विद्येने किनाऱ्याचे जीवन बदलले ते स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळातील कोल्लमजवळ मच्छीमारीची योजना सुरू झाली. तिच्यात यांत्रिक होड्यांबरोबर बर्फाची सोयही होती. १९५३ च्या सुमारास कोचीनहून गोठविलेली कोळंबी अमेरिकेस जाऊ लागली. ज्या कोळंबीस किनाऱ्यावर फारसा भाव नव्हता, तिच्यामागे आता यांत्रिक होड्या धावू लागल्या. १९७२ साली निर्यातीची व्यवस्था पाहण्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मुंबईची ससून गोदी १८७५ साली मुख्यतः कापसाच्या व्यापारासाठी बांधली गेली होती. ती पुढे मासळीच्या लिलावासाठी प्रसिद्ध झाली.

गोव्यातही १९६१ च्या मुक्तीनंतर ट्रॉलर आले, बर्फाचे कारखाने आले, आणि मासळी दूरच्या शहरांकडे धावू लागली. येथे आपल्या कथेस दुसरी बाजू फुटते. बर्फ नसता इतकी मासळी पकडून कोणी काय केले असते? ठेवता येऊ लागले, म्हणून अधिक पकडणे परवडू लागले. ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन रापणीची मासळी ओढून नेऊ लागले, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात रापणकार रस्त्यावर आले. त्यांच्या दीर्घ चळवळीनंतर १९८० साली कायदा झाला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा यांत्रिक मासेमारीपासून राखून ठेवला गेला. त्या पट्ट्याच्या पालनाविषयीच्या तक्रारी मात्र कायद्याने संपल्या नाहीत.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे परत येऊ. तिची आई भाव धरून केव्हा बसू शकते? जेव्हा तिच्या टोपलीत बर्फ असतो तेव्हा. बर्फ म्हणजे वेळ, आणि ज्याच्या हाती वेळ आहे त्याच्या हाती भाव आहे. मोठ्या व्यापाऱ्यापाशी शीतगृह आहे; तो आजची मासळी महिन्यांनी विकू शकतो. विक्रेत्या बाईपाशी लादीचा एक तुकडा आहे. तिला संध्याकाळपर्यंतचा धीर मिळतो. आणि जिच्यापाशी तोही नाही, तिला सूर्याच्या मर्जीने विकावे लागते, तिच्या आजीस विकावे लागे तसेच. दीडशे वर्षांपूर्वी भारतातील शहरांत आलेली थंडी अजून सर्वांच्या वाट्यास सारखी आलेली नाही.

आणि बर्फाचा खर्च चुकविण्याचा मोह कोठवर नेतो, तेही आपण पाहिले आहे. २०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातमीने गोव्यातील घराघरांत खळबळ उडाली, आणि सरकारने काही काळ परराज्यांतील मासळीची आवक बंद केली. फॉर्मेलिन हे प्रयोगशाळेत मेलेले प्राणी जतन करण्याचे विष होय. ते मासळीस ताजी ठेवीत नाही. ताजी दिसावयास लावते. बर्फ प्रामाणिक आहे. तो वितळतो, आपला खर्च उघड दाखवितो, आणि जे नाही ते आहे असे भासवीत नाही. मासळी शिळी असेल तर ती बर्फातही शिळीच राहते.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील वेळी बाजारात गेलात तर कल्ले लाल आहेत का, डोळे स्वच्छ व फुगीर आहेत का, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते का, हे पाहा. बर्फ केवळ वर आहे की थराथरात आहे, तेही पाहा. आणि भर दुपारी टोपलीपाशी बसलेली बाई वितळत चाललेल्या बर्फाकडे पाहून भाव कमी करू लागली, तर आणखी चार रुपये पाडून घेण्यापूर्वी क्षणभर थांबा. तिच्या टोपलीत मासळी अजून पुष्कळ असेल. वेळ मात्र थोडा उरलेला असतो.